परशराम अण्णांचा बाणेदार डोळा

माळवाडीचे परशराम अण्णा कानडी पाटी वाचत नाहीत, ही गोष्ट बोरगावपासून निपाणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना अण्णा स्वतः सांगत. निपाणी स्टँडवर गाडी लागली, की बाकीची माणसं पाटी बघून धावत सुटायची आणि अण्णा पाठीमागं हात बांधून उभे. शेजारच्याला विचारायचे, ही कुठली म्हणायची? तो म्हणायचा, पाटी आहे की पुढं. मग अण्णा एक पाऊल मागं सरायचे, डोळे बारीक करायचे, त्या पाटीकडं असं बघायचे की पाटीनं मुकाट्यानं माफी मागावी, आणि म्हणायचे, "आमी वाचत न्हाय ती."

एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस एकतर नमस्कार करायचा, नाहीतर हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचा. दोन्हीत अण्णांना आपला मानच दिसे. गाडी मात्र बहुतेक वेळा निघून गेलेली असे.

माळवाडी बोरगावच्या अलीकडची. गावाच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडं महाराष्ट्र. उन्हाळ्यात ओढा आटला की अण्णांची शेळी दिवसातून चार वेळा राज्य बदलून येते, आणि तिला कुणी शाल पांघरत नाही. अण्णांना मात्र बाण्यापायी तीन शाली मिळाल्या होत्या.

आता मौज अशी, की अण्णांना कानडी येत नव्हतं असं मुळीच नाही. एकतीस वर्षं त्यांनी कर्नाटकाच्या एसटीत कंडक्टरकी केली होती. खात्याची कानडीची परीक्षा ते पहिल्या दमात पास झाले होते, आणि म्हैस घ्यायला चिक्कोडीच्या बाजारात निघालेली माणसं दर पाडायला अजून अण्णांनाच पुढं घालत. त्यांच्या गाडीवर अठरा वर्षं ड्रायव्हर असलेला नागेंद्र घरचा कानडी. रिटायर होऊन तो निपाणीतच राहिला होता. तो म्हणायचा, "पेन्शन बेंगळूरची, प्राण मुंबईत आणि परशू माळवाडीत. तिघांची गाठ कधी पडायची?" अण्णा यावर रागवत नसत. त्यांना परशू म्हणणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

बाणा जन्माला आला तो आठ वर्षांपूर्वी, बेळगावच्या स्टँडवर. पेन्शनच्या कागदासाठी गेलेले अण्णा परत येताना निपाणीची म्हणून गोकाकच्या गाडीत चढले. पाटी त्यांनी वाचली होती आणि ती त्यांना निपाणीचीच दिसली होती. गाडी फाटकाशी आली, कोवळ्या मिशीचा कंडक्टर तिकिटाला आला, आणि घोटाळा कळल्यावर त्यानं चांगल्या मोठ्या आवाजात कानडीत विचारलं, की अज्जा, तुम्ही स्वतः कंडक्टर होता म्हणता आणि तुम्हालाच पाटी दिसली नाही? चाळीस माना वळल्या. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांना "पाटी वाचता येत न्हाय काय" म्हणून झाडलं, त्याला पाटी दिसली नाही. हे कबूल करण्यापेक्षा गोकाकला जाऊन स्थायिक झालेलं बरं. अण्णा खाली उतरले आणि उतरता उतरता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी कानडी पाटी वाचत न्हाय."

गोष्ट तिथंच संपायची. पण खाली निपाणीच्या गाडीची वाट बघत उभे होते ज्योतिबा मास्तर. मास्तर म्हणजे माळवाडीच्या मराठी वाचनालयाचे सचिव. गेली कित्येक वर्षं ते एका जाज्वल्य माणसाच्या शोधात होते आणि गावात ऊस आणि तंबाखू सोडून काही जाज्वल्य निघत नव्हतं. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. पुढच्या रविवारी वाचनालयात सत्कार ठरला. अण्णा जाताना मनाशी ठरवून गेले होते, की चार माणसांत खरं काय ते सांगून टाकायचं. पण आधी शाल आली. शाल अंगावर पडल्यावर खरं बोललेला माणूस माळवाडीत आजवर कुणी पाहिलेला नव्हता, आणि ती प्रथा आपणच मोडावी असं अण्णांना वाटलं नाही.

खरं एवढंच होतं, की अण्णांना दिसायचं, पण धड दिसायचं नाही. प्रत्येक अक्षराच्या अंगाला अंग लावून त्याचीच एक फिकट सावली उभी असायची. टीव्हीवरच्या क्रिकेटच्या चेंडूला शेपूट असायचं. तुळशीपुढं जयाबाईंनी एक पणती लावली तर अण्णांना तीन ज्योती दिसत आणि ते बायकोला तेलाची उधळपट्टी करते म्हणून बोलत. दुपारनंतर कपाळ ठणकायचं, मग जयाबाई सुंठ उगाळून लावायच्या. बघताना डोळे बारीक करायची सवय लागली होती. त्यानं दिसण्यात फारसा फरक पडत नव्हता, पण चेहऱ्याला धार यायची. मास्तर सभांतून सांगत, की परकी पाटी दिसताच आमच्या अण्णांच्या नेत्रांत अंगार उतरतो. अंगार कसला, ताणून ताणून डोळ्याला पाणी यायचं.

मराठी पाट्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही. मराठी पाट्यांची अडचणच नव्हती. एकतर त्या थोड्या, आणि ज्या होत्या त्यांवर काय लिहिलंय ते अण्णांना पाठ होतं.

मधे एकदा त्यांनी बाजारातल्या गाड्यावरून एक तयार चष्मा गुपचूप आणला. तो लावून वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं खरंच मोठी झाली, पण सावल्याही तेवढ्याच मोठ्या झाल्या. आधी एका अक्षरामागं एक चोर होता, आता दोघेही खाऊन-पिऊन धष्टपुष्ट. चष्मा देव्हाऱ्यामागं गेला आणि अण्णांनी निष्कर्ष काढला, की डोळे ठणठणीत आहेत, छपाईच हल्ली बिघडली आहे.

या भानगडीला तोंड फुटलं ते संमेलनामुळं. आपल्या भागात थंडी पडली की गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. वाचनालयाच्या छपरातून आभाळ दिसत असलं तरी संमेलनाच्या मांडवाला झालर हवी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी पुरी-भाजी, मग कविसंमेलन, आणि सगळ्यांच्या आधी स्वागताध्यक्षांचं भाषण. यंदा माळवाडीचं संमेलन बारावं, आणि स्वागताध्यक्ष परशराम अण्णा. अण्णांचा फोटो बोरगाव फाट्यापर्यंत झळकला. फोटोत डोळे बारीक केलेले. मास्तरांनी भाषण स्वतः लिहून छापून आणलं, नऊ पानांचं, आणि सांगितलं, की अण्णा, तुम्ही फक्त वाचायचं. हजार माणूस असणार.

फक्त वाचायचं.

अण्णांनी पहिलं पान उजेडात धरलं, सावलीत धरलं, हातभर लांब धरलं. वरची रेघ तेवढी ठळक, गुढीच्या काठीसारखी सरळ. रेघेखाली लटकलेली अक्षरं मात्र एकमेकांच्या अंगावर रेललेली, जशी सणाच्या गाडीत माणसं. मग पाठ करायचं ठरलं. जयाबाईंनी वाचायचं आणि अण्णांनी मागं म्हणायचं. पण जयाबाईंचं माहेर संकेश्वरकडचं, शाळा कानडी चौथीपर्यंत. मराठी त्या एकेक अक्षर बोटानं ढकलत वाचायच्या. मास्तरांचं 'अस्मितेचे धगधगते यज्ञकुंड' ढकलता ढकलता त्यांना धाप लागली. चार दिवसांत एक पान झालं. तेही दुसऱ्या दिवशी अण्णा विसरले.

पाचव्या दिवशी जयाबाईंनी कागद खाली ठेवले आणि डोळे दाखवायला चला म्हणाल्या. अण्णा म्हणाले, डोळ्याला काय धाड भरली नाही. ते कानडी पाटीचं वेगळं, तो तत्त्वाचा भाग आहे.

"व्हय?" जयाबाई म्हणाल्या. "काल आमटीतली मिरची शेंग म्हणून चावलासा. मिरची काय कानडी हुती?"

अण्णांनी नऊ पानांची घडी घालून ठेवली आणि टोपी चढवली.

निपाणीत समता म्हणून एक मुलगी डोळ्यांचा नंबर काढायची. तिच्या आजीची आणि आईची हयात विड्या वळण्यात गेली. ही बेळगावला जाऊन डोळे तपासायचं शिकून आली आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत तिनं आपली खोली थाटली. अण्णांनी तिचं नाव जयाबाईंकडून ऐकलं तेव्हा त्यांना काही आठवलं नाही. तिला मात्र सगळं आठवत होतं. तीन वर्षं रोज सकाळी ती अण्णांच्या गाडीनं बेळगावला गेली होती.

"रोज पास मागायचासा, आप्पा. एक दिवस तारीख संपली हुती तर संकेश्वरात उतरवलासा मला."

अण्णा म्हणाले, नियम म्हणजे नियम. सोबत नागेंद्रही आला होता, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मधे नुसता पडदा होता आणि पडद्याला कान फुटावेत तसा तो पुढं आलेला होता.

समतानं भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीत मराठी तक्ता लावला. अण्णांनी वरचं मोठं अक्षर खणखणीत वाचलं. दुसरी ओळ चाचपडत गेली. तिसऱ्या ओळीला ते थांबले, डोळे बारीक केले, चेहऱ्याला धार आली, पण तक्ता काही घाबरला नाही. समतानं पेटीचं बटण दाबलं आणि तक्ता कानडी झाला.

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "मी ते वाचत न्हाय."

"का?"

"तत्त्व हाय."

समतानं त्यांच्याकडं बघितलं. "माझ्या पासावरची तारीख तर बरोबर वाचलतासा. ती कानडीतच हुती की."

जयाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "वाचा आता. हितं शाल द्याय कोण बसल्यालं न्हाय."

अण्णांनी वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी थोडी अडखळत, चौथी त्याहून अडखळत, पण वाचली. मराठीत जिथं पाय घसरला होता त्याच्या दोन पायऱ्या खाली ते उतरून गेले आणि मग आपण कुठं आलो हे कळून थबकले. पडद्यापलीकडं नागेंद्रला ठसका लागला.

अण्णांच्या मनात काय झालं असेल ते एखाद्या पहारेकऱ्यालाच कळेल. आठ वर्षं इमानानं दारात उभं राहावं आणि एके दिवशी कळावं, की आपलाच उजवा डोळा रोज मागच्या दारानं पलीकडं जेवून येतोय. डावाही त्याच्या सोबतीला.

समताला यात आश्चर्य वाटलं नाही. तिनं तिसरा तक्ता लावला. त्यावर कुठल्याच भाषेचं काही नव्हतं. सूर्याची किरणं काढावीत तशा मधून चहूकडं गेलेल्या रेघा होत्या, सगळ्या सारख्या जाडीच्या, सारख्या काळ्या. तिनं विचारलं, सगळ्या सारख्या दिसतात का? अण्णा म्हणाले, छे. आडव्या काळ्याकुट्ट आहेत. उभ्या कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्या आहेत.

मग तिनं समजावून सांगितलं. बुबुळाच्या वर एक काचेसारखा पडदा असतो. तो मोसंब्यासारखा सगळीकडून सारखा गोल असायला हवा. अण्णांचा कोंबडीच्या अंड्यासारखा होता, एका अंगानं बाक जास्त, दुसऱ्या अंगानं कमी. मोसंब्यातून उजेड आत गेला तर एका ठिकाणी गोळा होतो. अंड्यातून गेला तर एका दिशेचा एका ठिकाणी आणि दुसऱ्या दिशेचा भलतीकडंच. म्हणून आडवी रेघ नीट आणि उभी फिसकटलेली. थोडा दोष आधीपासून असणार, वयानं वाढला. गाड्यावरच्या चष्म्याची काच सगळीकडून सारखी, ती फक्त मोठं करून दाखवते. अण्णांना एकाच दिशेला जोर देणारी काच लागणार, ती बरोबर त्या अंशावर फिरवून बसवायची. याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. पुढं गल्लीत सगळ्यांनी यावर गॅसचा विनोद केला. आजाराचं नाव अॅस्टिग्मॅटिझम. मराठी पुस्तकात अबिंदुकता म्हणतात, पण ती तक्रार घेऊन तिच्याकडं आजवर कुणी आलं नव्हतं.

"पण मग कानडी कसं दिसलं?" अण्णांनी विचारलं. आवाज खाली गेला होता. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं.

"मराठीत बघा, वर आडवी रेघ, आणि खाली अक्षरा-अक्षराला उभा दांडा. दांडे पुसट झाले की अक्षरं एकमेकांत मिसळली. कानडी अक्षर वाटोळं, सुटं. त्याचं अर्धं पुसलं तरी अर्धं ऱ्हातंय." ती जड लोखंडी चौकट त्यांच्या नाकावर बसवत म्हणाली, "डोळ्याला भाषा कळत न्हाय, आप्पा. उभं-आडवं तेवढं कळतंय."

तिनं चौकटीत एक काच घातली, फिरवली, अजून थोडी फिरवली. अण्णांनी मधेच तिचा हात धरून थांबवला. समोर मराठी तक्ता होता. अक्षरांच्या शेजारचे चोर निघून गेले होते. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी एकटं, कडा कापल्यासारख्या. अण्णांनी खालची शेवटची ओळ वाचली, मग उगाचच परत वाचली. जयाबाईंनी नाक ओढलं आणि पदर लावायच्या आत नागेंद्र पडदा सारून आत आला.

"येन रे परशू," तो म्हणाला, "आठ वरसं आमच्या पाट्यांवर डोळं वटारलास. आणि त्यातल्या त्यात दिसत हुत्या त्या आमच्याच?"

अण्णा म्हणाले, हे बाहेर गेलं तर मी तुझं अठरा वर्षांतलं सगळं बाहेर काढीन. नागेंद्र म्हणाला, माझं बाहेर काढायला राहिलंय काय.

चष्मा गुरुवारी मिळाला, संमेलन रविवारी. समतानं बजावलं होतं, की पहिले काही दिवस जमीन उतरती वाटेल, भिंती कलल्यासारख्या दिसतील, पण काढायचा नाही, डोळ्याला सवय व्हावी लागते. अण्णा दुकानातून बाहेर आले ते मोट ओढणाऱ्या बैलासारखे एकेक पाय उचलून टाकत. सपाट रस्त्यावर ते पायरी चढले. खऱ्या पायरीला मात्र रस्ता समजून निघाले, तेव्हा जयाबाईंनी दंडाला धरलं. असे डुलत ते स्टँडवर पोचले आणि तिथं गाड्या लागलेल्या होत्या.

आणि पाट्या. अण्णांना एकदम सगळ्या पाट्या दिसल्या. रंगाचे ओघळ दिसले, खिळे दिसले, एका पाटीवर पेंटरनं शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून कसं चेंगरून बसवलंय ते दिसलं. माणूस बऱ्याच दिवसांनी जत्रेत ओळखीची तोंडं बघतो तसे ते एकेका गाडीपुढं उभे राहू लागले, आणि तोंडातून केव्हा आवाज निघाला हे त्यांना कळलंच नाही. "चिक्कोडी. संकेश्वर, हत्तरगी, बेळगावी. इचलकरंजी व्हाया बोरगाव." शेजारी पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या गुणाबाईनं विचारलं, "अण्णा, हुक्केरीची कंची रं?" गेल्या आठ वर्षांत या म्हातारीला अण्णांनी अनेकदा गाडीऐवजी तत्त्व दिलं होतं. आज त्यांनी बोट दाखवलं. "ती तिसरी. पाटीचा कोपरा फुटलाय बघ, ती."

म्हातारी गेली आणि मागं ज्योतिबा मास्तर दिसले. त्यांच्या दोन्ही हातांत संमेलनाच्या फुलांच्या पाट्या होत्या. त्या हातांतून पडल्या नाहीत एवढंच.

मास्तर संध्याकाळी घरी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. चहा घेतला आणि सांगितलं, की आपल्याला फसवलं याचं दुःख नाही, पण बारा वर्षांच्या संमेलनाची अब्रू आहे, फलकांवर फोटो आहे, फोटोत चष्मा नाही. बरं, चष्मा आला म्हणजे डोळे अधू होते हे आलं, आणि डोळे अधू म्हटलं की लोक विचार करायला लागणार. लोकांनी विचार करावा म्हणून आपण संमेलन भरवत नाही. तेव्हा रविवारी चष्मा घरी ठेवायचा. भाषण दुप्पट मोठ्या अक्षरात छापून आणलंय, अठरा पानं. न जमेल त्यानं खुर्ची मोकळी करावी, उपाध्यक्ष तयारच आहेत.

अण्णांना खुर्ची हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. हजार माणसांसमोर आपल्या गावात उभं राहून बोलायचं, हे कंडक्टरच्या आयुष्यात कुठं येतं? तो आयुष्यभर माणसांच्या पाठी बघतो. ते म्हणाले, बरं. जयाबाईंनी कपबशा इतक्या आपटून उचलल्या, की मास्तर पान न खाताच उठले.

रविवारी मांडव भरला. व्यासपीठावर कोल्हापूरहून आलेले संमेलनाध्यक्ष, शेजारी मास्तर, कडेला अण्णा. चष्मा खिशात होता. ठेवायचा तर घरी होता, पण जयाबाईंनी सदऱ्याला बटणं लावताना तो खिशात कोंबला होता आणि अण्णांनी हात धरला नव्हता. नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. अण्णा माइकपुढं गेले आणि अठरा पानं उघडली.

मोठी अक्षरं होती आणि त्यांच्या सावल्याही भरदार होत्या. "आदरणीय संमेलनाध्यक्ष" एवढं त्यांनी अंदाजानं काढलं. पुढची ओळ कलली, वितळली. अण्णांनी डोळे बारीक केले. पहिल्या रांगेतल्या लोकांना तो अंगार वाटला, त्यांनी आदरानं वाट बघितली. वाट बघणं लांबलं. मागं पोरं कुजबुजली. कुणीतरी खोकलं. बायकांच्या बाजूला जयाबाई शेजारच्या मालुबाईशी काहीतरी बोलता बोलता थांबल्या आणि सरळ नवऱ्याकडं बघत राहिल्या. त्यांनी खूण केली नाही. नुसत्या बघत राहिल्या, पोळी करपू लागल्यावर बघतात तशा. मास्तर बसल्या जागी पुटपुटत होते, "सीमाभागातील... सीमाभागातील रसिक..."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला आणि लावला.

मग ते धडाधड वाचू लागले. स्टँडवर गावांची नावं पुकारलेला आवाज तो, त्याला माइकची गरजच नव्हती. एक पान, दोन पानं. यज्ञकुंडही धगधगून गेलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य आलं. जयाबाईंचं बोट तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं, त्यामुळं अण्णांनी ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. 'गेली आठ वर्षे मी बाणेदारपणे परकी पाटी वाचलेली नाही, आणि हीच माझी या मातीची सेवा.'

इतकं स्वच्छ छापलेलं होतं, की चुकून वेगळं वाचायलाही वाव नव्हता.

अण्णांनी मान वर केली. चष्म्यातून हजार तोंडं नाकी-डोळी दिसत होती. मांडव थोडा डावीकडं कललेला होता, पण तो चष्म्याचा दोष हे त्यांना आता माहीत होतं.

"हे खोटं हाय," अण्णा म्हणाले. "मला दिसत नव्हतं."

मांडव हसला. टाळ्या पडल्या. संमेलनाध्यक्षांनी मास्तरांच्या कानाशी लागून सांगितलं, की तुमचे स्वागताध्यक्ष फार मार्मिक आहेत. अण्णांनी हात वर केला, हसू नका म्हणाले, खरं सांगतोय म्हणाले. लोक अजून हसले. माळवाडीत खरं बोलायची पद्धत नसल्यामुळं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

अण्णांचं डोकं फिरलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मोसंबं, अंडं, उजेड, सगळं समतानं सांगितलं तसं सांगितलं. मराठीच्या दोन ओळी वाचता आल्या आणि कानडीच्या चार, हेही सांगितलं. तेव्हा मात्र हसणं बंद झालं. पहिल्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मास्तर उभे राहिले, परत बसले.

"असं करा," अण्णा म्हणाले. "एक डोळा हातानं झाका. मांडवाला आडवा वासा हाय आणि उभा खांब हाय. दोन्ही सारखंच दिसत्यात का बघा. मग दुसऱ्या डोळ्यानं बघा. कडा फिसकटल्याली दिसली, सावली दिसली, तर हात वर करा. लाजायचं काम न्हाय. मी आठ वरसं लाजलो, तीन शाली जमल्या, गाड्या सगळ्या चुकल्या."

आधी कुणी हललं नाही. मग बायकांच्या बाजूला तळवे डोळ्यांवर गेले. पुरुषांनीही झाकले, पण टोपी सारखी करतोय असं दाखवत. एक हात वर आला. मागं दुसरा. तिसरा हात उपाध्यक्षांचा होता, जे खुर्ची मोकळी व्हायची वाट बघत होते, आणि तो वर गेल्यावर त्यांनी तो डोकं खाजवायला वापरला. नागेंद्र खांबाला टेकून उभा होता, तो मोठ्यानं हात मोजू लागला. अकरापर्यंत मोजले तेव्हा मास्तरांनी त्याला गप्प बसवायला मान वळवली, आणि वळवताना त्यांची नजर त्याच खांबावर गेली.

मास्तरांनी डावा डोळा मिटला. खांबाकडं बघितलं. उघडला, उजवा मिटला. परत डावा. शेजारी संमेलनाध्यक्ष बघतायत याचं भान त्यांना राहिलं नाही. मग ते खुर्ची अण्णांच्या बाजूला हळूच सरकवत, माइकला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"अण्णा, ती पोरगी मागच्या दारानं बघती काय?"

"दारच एक हाय तिला," अण्णा म्हणाले. हे माइकनं ऐकलं. मग त्यांनी चष्मा नाकावर वर सारला, तिसऱ्या पानावरचं ते वाक्य बोटानं ओलांडलं आणि चौथं पान उघडलं.